खोडदच्या शिवारातल्या तीस तबकड्या

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापारेली नावाचे यान मंगळाच्या वातावरणात शिरले. जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरातील नियंत्रण कक्षात सगळ्यांचे डोळे पडद्याकडे लागले होते. मंगळ त्या दिवशी पृथ्वीपासून सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता; तिथून निघालेली रेडिओ लहर इकडे पोहोचायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. यानावरचा ट्रान्समीटर अवघ्या काही वॅटचा. तो पृथ्वीशी बोलण्यासाठी बसवलेलाही नव्हता, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांपर्यंत संदेश पोहोचला की त्याचे काम झाले असते. तरीही ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासची ती क्षीण लहर पृथ्वीवर थेट पकडली जात होती, आणि ती पकडणारी जागा होती पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातले खोडद.

मंचरचा बाजार मागे टाकून नाशिकच्या दिशेने निघाले की नारायणगाव लागते. तिथून उजव्या हाताला खोडदकडे वळल्यावर ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या रानांमधून मोठमोठ्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेली जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, अर्थात एनसीआरए, ती चालवते.

त्या दिवशी खोडदच्या पथकाला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या तज्ज्ञांची साथ होती. यानाचा वेग जसा कमी होत गेला, तशी त्याच्या लहरीची वारंवारिता सरकत गेली, आणि त्यावरून हवाई छत्री उघडल्याचेही कळले. मग जमिनीला टेकायच्या थोडेसे आधी लहर नाहीशी झाली. पुढे चौकशीत कारण सापडले. छत्री उघडताना यान इतके जोरात हेलकावले की त्याचे फिरणे मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन अडकले. त्या चुकीच्या मापावरून यानातील संगणकाने उंचीचा हिशेब केला आणि उत्तर शून्याखाली आले. आपण जमिनीवर पोहोचलो असे समजून त्याने छत्री सोडून दिली आणि वेग रोखणारी इंजिने तीनच सेकंदांत बंद केली. यान प्रत्यक्षात पावणेचार किलोमीटर उंचीवर होते. तिथून ते कोसळले.

परक्या ग्रहावरची ही घटना जुन्नरच्या शिवारात घडत असतानाच नोंदली गेली, यात योगायोग फारसा नाही. त्यामागे एका माणसाचा हट्ट, तारांच्या जाळीची साधी युक्ती, संगणकांचे प्रचंड बळ आणि या खोऱ्याची शांतता अशा चार गोष्टी आहेत. पहिल्या तिन्हींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चौथी अजून पुरेशी मोजली गेलेली नाही.

कल्याण, उटी आणि मग खोडद

अवकाशाशी जुन्नर तालुक्याचे नाते जीएमआरटीच्याही आधीचे आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रहांमार्फत परदेशाशी दूरध्वनी आणि तारसंदेश जोडणारे देशातले पहिले व्यापारी भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाई यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राच्या तबकडीचा व्यास सुमारे ३० मीटर होता. आर्वीची तबकडी माणसाने पाठवलेल्या उपग्रहाशी बोलत होती. खोडदच्या तबकड्या काहीच पाठवत नाहीत. त्या फक्त ऐकतात.

ऐकण्याची ही विद्या भारतात रुजवली गोविंद स्वरूप यांनी. २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे जन्मलेले स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. पुढे त्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये ते मुंबईत टाटा संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाने वापरातून काढलेल्या, जेमतेम पावणेदोन मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या. स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्या १९६५ मध्ये मुंबईजवळच्या कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास सुरू केला. महाराष्ट्राच्या मातीवरची ही पहिली रेडिओ दुर्बीण.

पाच वर्षांत उटीजवळ त्याहून कितीतरी मोठे काम उभे राहिले. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दंडगोल दुर्बीण एका डोंगरउतारावर बसवली गेली. उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढाच, सुमारे ११ अंश, निवडल्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर आला. आता एकाच आसाभोवती फिरवून आकाशातील स्रोताचा दहा-दहा तास पाठलाग करता येऊ लागला. जागेच्या भूगोलालाच यंत्राचा भाग करून घेण्याची ही दृष्टी खोडदची निवड करतानाही कामी आली.

१९८०च्या दशकात स्वरूप यांनी मीटरभर लांबीच्या लहरींसाठी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण बांधायचे ठरवले, तेव्हा जागेच्या अटी कठीण होत्या. आसपास मोठी शहरे व कारखाने नकोत. चहूबाजूंना डोंगर हवेत, म्हणजे दूरवरचे प्रक्षेपण अडेल. वारा बेताचा हवा. जागा चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी दूर हवी, कारण तिथे वातावरणाचा विद्युतभारित थर अधिक खवळलेला असतो आणि लांब लहरी विस्कटतात. त्याच वेळी ती इतकीही उत्तरेला नको, की दक्षिणेकडचे आकाश हातचे जाईल. शिवाय अभियंते, कार्यशाळा आणि विद्यापीठ आवाक्यात असायला हवे. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला, १९ अंश अक्षांशावरचे खोडद या सगळ्या अटींना उतरले.

बाजेसारखी ताणलेली तबकडी

जीएमआरटीच्या प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. तिच्या तोंडाचे क्षेत्र गावच्या मापात जवळजवळ १६ गुंठे भरते. अशा तीस तबकड्या, म्हणजे पावणेबारा एकरांचा कान. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील प्रसिद्ध व्हेरी लार्ज अ‍ॅरे या दुर्बिणीत २५ मीटरच्या २७ तबकड्या आहेत. खोडदचे एकूण क्षेत्र तिच्या तिपटीहून जास्त आहे.

एवढ्या मोठ्या तबकड्या धातूच्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांचे वजन, वाऱ्याचा रेटा आणि खर्च तिन्ही हाताबाहेर गेले असते. स्वरूप यांच्या चमूने लहरीच्या लांबीचाच फायदा घेतला. जीएमआरटी ऐकते त्यातली सर्वांत लहान लहर २० सेंटिमीटरच्या आसपास, मोठी दोन मीटरहून अधिक. लहरीपेक्षा कितीतरी लहान भोके असली, तर जाळीही तिला आरशासारखी परतवते. म्हणून पोलादी नळ्यांच्या सोळा वक्र चौकटींमध्ये स्टेनलेस स्टीलचे दोर ताणले गेले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बसवली. जाळीचे घर मध्यभागी १० मिलिमीटरचे, कडेला २० मिलिमीटरचे. चौकटीत सुंभ ताणून बाज विणावी, तसा हा प्रकार. वारा आरपार जातो, वजन कमी राहते, आणि सपाट तुकडे जोडून हवा तेवढा वक्राकार मिळतो. या रचनेला 'स्मार्ट' असे नाव पडले आणि सगळ्या तबकड्या भारतातच घडल्या.

चौदा तबकड्या खोडदच्या मध्यवर्ती आवारात साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण दिशांना, गावोगावच्या रानांत पसरल्या आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांमधले सर्वांत मोठे अंतर सुमारे २५ किलोमीटर. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण देशाला अर्पण झाली.

चित्र काढणारा संगणक

तबकड्यांकडे बघणाऱ्याला खरी दुर्बीण दिसतच नाही. ती मध्यवर्ती इमारतीत, संगणकांच्या कपाटांमध्ये आहे.

एका तबकडीला आकाश फार पुसट दिसते. पण दूरदूरच्या दोन तबकड्यांनी एकाच स्रोताची लहर टिपली आणि दोन्हींची तुलना केली, तर त्या स्रोताच्या आकाराविषयी एक धागा हाती लागतो. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची दिशा आकाशाच्या दृष्टीने बदलत जाते आणि दर तासाला नवे धागे मिळतात. हे सगळे गणिताने विणले की २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच महाकाय तबकडीने काढावे तितके बारीक चित्र तयार होते. या पद्धतीबद्दल ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन राइल यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते.

प्रत्येक तबकडीकडून जमिनीखालच्या प्रकाशीय तंतूंमधून लहरी मध्यवर्ती इमारतीत येतात. सुरुवातीला त्यांची तुलना खास या कामासाठी घडवलेली विद्युतमंडले करत. पुढे बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह जोडून, लिनक्सवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने तेच काम सुरू झाले. गेल्या दशकात दुर्बिणीचे मोठे नूतनीकरण झाले, तेव्हा व्हिडिओ गेमसाठी जन्मलेल्या जीपीयू चिप आणि हव्या तशा जुळवता येणाऱ्या एफपीजीए चिप यांची जोडी आली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येत असे. आता ४०० मेगाहर्ट्झचा येतो. तबकड्या जुन्याच राहिल्या, त्यांच्या नाभीशी बसणारे रिसीव्हर आणि मागचा संगणक बदलला, आणि दुर्बीण जवळजवळ नवी झाली.

संगणकाने जुन्या नोंदींनाही नवे मोल दिले. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळे आकाश चाळून काढले होते. वातावरणाच्या वरच्या थरामुळे येणारी विकृती काढून टाकणारी स्वयंचलित प्रणाली ह्युब इंटेमा यांनी विकसित केल्यावर त्या नोंदींतून आकाशाच्या ९० टक्के भागाचा नकाशा आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी तयार झाली. हा नकाशा कोणालाही खुला आहे. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला रॅड अ‍ॅट होम हा उपक्रम देशभरातल्या विद्यार्थ्यांना अशा प्रतिमा वाचायला शिकवतो. २०१३ मधल्याच खोडदच्या एका जुन्या नोंदीत पुढे एका दीर्घिकेभोवतीचे (आकाशगंगेभोवतीचे) एक विचित्र रेडिओ वर्तुळ सापडले. ऑस्ट्रेलियाच्या दुर्बिणीने अशी वर्तुळे प्रथम दाखवून दिल्यावर शोध घेतला, तेव्हा ते आधीच साठ्यात पडून असल्याचे लक्षात आले.

सापडलेल्या गोष्टी

जीएमआरटीने शोधलेला पहिला पल्सार एनजीसी १८५१ या तारकागुच्छात आहे, सुमारे ४० हजार प्रकाशवर्षे दूर. मेलेल्या ताऱ्याचा हा घट्ट गोळा सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेतो आणि एका जोडीदाराभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो. २००४ मध्ये त्याची घोषणा झाली, तेव्हा इतक्या वेगाने फिरणारा पल्सार अशा लंबुळक्या कक्षेत असणे ही नवलाची गोष्ट होती. ताऱ्यांच्या त्या दाटीत त्याने जुना जोडीदार गमावून नवा मिळवला असावा, असा तर्क शास्त्रज्ञांनी मांडला.

फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी मोठी बातमी आली. ३९ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या भुजंगधारी तारकासमूहातील दीर्घिकांच्या समूहात तोवरचा सर्वांत शक्तिशाली स्फोट झाल्याचे सिमोना जियासिंतुची यांच्या पथकाने दाखवले. क्ष-किरण दुर्बिणींना तप्त वायूत एका पोकळीची कड आधीच दिसली होती, पण एवढी मोठी पोकळी असेल यावर विश्वास बसत नव्हता. जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातील मर्चिसन दुर्बिणीच्या चित्रांत नेमकी तीच पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली दिसली. शंकेला जागा उरली नाही.

खोडदची खरी हुकमत मात्र हायड्रोजनवर आहे. विश्वातला सर्वांत मुबलक असा हा वायू थंड असताना २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. त्यापासूनच तारे बनतात. तेव्हा कोणत्या काळात विश्वाच्या कोठारात किती हायड्रोजन होता हे कळले, तर ताऱ्यांच्या जन्माचा हिशेब लागतो. अडचण अशी, की दूरच्या दीर्घिकांची ही लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाते आणि अतिशय क्षीण होऊन पोहोचते. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर आज सुमारे ४२ सेंटिमीटरची होऊन येते. नेमक्या याच लांबीला जीएमआरटीचा कान तिखट आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आदित्य चौधरी, निसीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. एकेका दीर्घिकेची लहर वेगळी दिसण्याइतकी तीव्र नव्हती. म्हणून त्यांनी शंभर तासांच्या निरीक्षणांतून ७,६५३ दीर्घिकांच्या नोंदी एकमेकींवर रचल्या. गोंगाट सरासरीत विरला आणि हायड्रोजनचा संदेश वर आला. निष्कर्ष लक्षणीय होता. आठ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिका धडाक्याने तारे बनवत होत्या, पण त्या वेगाने त्यांच्याजवळचा वायू एक ते दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे ताऱ्यांचा जन्मदर का घसरला, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी ८.८ अब्ज वर्षांपूर्वीच्या एकाच दीर्घिकेचा हायड्रोजन जीएमआरटीच्या नोंदींतून दाखवला. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगाचे काम करून ती लहर सुमारे तीस पट मोठी केली होती.

शांततेचा खर्च

हे सगळे ऐकू येण्यासाठी आजूबाजूला गोंगाट नसावा लागतो. इथे गोंगाट म्हणजे रेडिओ लहरी. चंद्रावर एखादा साधा मोबाईल फोन चालू करून ठेवला, तर जीएमआरटीसाठी तो आकाशातल्या बहुतेक सगळ्या नैसर्गिक रेडिओ स्रोतांपेक्षा प्रखर ठरेल. मग शेजारच्या गावातल्या मनोऱ्याचे काय सांगावे. नूतनीकरणानंतर दुर्बीण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधला बहुतेक सगळा भाग ऐकते; मात्र ८५० ते १०५० मेगाहर्ट्झचा पट्टा सुटलेला आहे. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्यातच येतात.

विजेच्या तारांवरचा तडकलेला इन्सुलेटर, सैल जोडणीतली ठिणगी, वेल्डिंगचे यंत्र, हे सगळे विस्तृत पट्ट्यात रेडिओ लहरी फेकतात. ही ठिणगी ओळखून तेवढा क्षण बाजूला काढणारी व्यवस्था एनसीआरएच्या अभियंत्यांनी संगणकातच बसवली आहे. पण गाळून टाकलेला प्रत्येक क्षण म्हणजे आकाशातून आलेली तेवढी माहितीही गेली. गाळणी कितीही चांगली असली तरी तिला मर्यादा आहे.

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा प्रश्न इथेच येऊन थांबला. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी मूळ आखणी होती. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पेंटोग्राफ तारेला घासतो तेव्हा ठिणग्या उडतात, आणि अशा अनेक गाड्या दिवसभर दुर्बिणीजवळून गेल्या तर तिचे काम खिळखिळे होईल. हा मार्ग जीएमआरटीच्या परिसरातून जात असल्याने तो बदलावा लागेल, असे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितले. आंबेगाव आणि जुन्नरमधून मात्र रेल्वे याच पट्ट्यातून जावी अशी मागणी जोरात आहे. ती समजण्यासारखी आहे. कांदा, बटाटा, टोमॅटो, भाजीपाला रोज ट्रकांतून पुण्या-मुंबईकडे पाठवणाऱ्या भागाला रेल्वेचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या दोन गरजांपैकी एकीला क्षुल्लक ठरवून प्रश्न सुटत नाही. दुर्बिणीमुळे या तालुक्यांना काही सोयी उशिरा मिळाल्या किंवा दुरून मिळाल्या, तर तो शांततेचा खर्च आहे आणि तो उघडपणे मांडला गेला पाहिजे. तो देशाच्या खात्यावर लिहिला जावा, फक्त मंचर-नारायणगावच्या नव्हे. दुसऱ्या मार्गाने, दुसऱ्या रूपाने त्याची भरपाई व्हावी. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचे आवार लोकांसाठी खुले होते, शाळांची प्रदर्शने भरतात, पुणे, नगर, नाशिकहून झुंबड उडते. आपल्या रानाच्या बांधापलीकडे काय चालले आहे हे या गर्दीला ठाऊक आहे. खर्चाचा हिशेब तिच्यासमोर मांडायला कोणी कचरू नये.

पुढची वर्षे

स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे ही जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण दक्षिण आफ्रिका आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात उभी राहत आहे. भारत तिचा सदस्य आहे. केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. दोन खंडांवर पसरलेल्या त्या यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रचनेत एनसीआरएने पुढाकार घेतला, आणि त्यामागे खोडदला तीस तबकड्या एकत्र चालवण्याचा अनुभव होता. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले. त्याच वर्षी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला 'माइलस्टोन' हा सन्मान दिला.

नवी दुर्बीण आली म्हणून खोडदचे काम संपत नाही. २९ जून २०२३ रोजी जगभरातील पल्सार-गटांनी एकाच वेळी एक घोषणा केली. अवकाशाला अतिशय संथपणे ताणणाऱ्या, एकेक लाट पार व्हायला वर्षानुवर्षे घेणाऱ्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे त्यांना मिळाले होते. अतिप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना त्या उठत असाव्यात. त्यांचा माग काढायचा तर आकाशातल्या सर्वांत नियमित पल्सारांच्या ठोक्यांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी फरक शोधावा लागतो. युरोपीय गटाच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे या गटाने जीएमआरटीवरच्या नोंदींची जोड दिली. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना पल्सारचा ठोका कमी वारंवारितेला अधिक रेंगाळतो. तो विलंब नेमका मोजून वजा करण्यासाठी खोडदइतके उपयुक्त ठिकाण क्वचितच आहे.

पुरावा अजून निर्णायक टप्प्याला पोहोचायचा आहे. निरीक्षणांचे प्रत्येक वर्ष त्यात भर घालते, कारण या लहरींचा एक हेलकावाच दहा-वीस वर्षांचा असू शकतो. म्हणून तेच ते पल्सार खोडदहून साधारण दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा मोजले जात आहेत, आणि त्या मोजणीत खंड पडू नये म्हणून खोऱ्यातला हा पट्टा पुढची कित्येक वर्षे आजच्याइतकाच शांत ठेवावा लागणार आहे.